दुखणं पाठीत, इलाज मानेत

प्रश्न (थोडक्यात) : लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. त्यांचं वय ३४, आईचं ५३. आईची पाठ दोन वर्षं दुखते आहे. सुरुवातीला सगळ्यांनी वात म्हणून, पाळी जाण्याचं वय म्हणून सोडून दिलं. चार वर्षांपूर्वी आईचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. मावशीलाही मुतखड्याचा त्रास आहे. अलीकडे आईला बद्धकोष्ठता, थकवा आणि उगाच रडू येणं सुरू झालं. दुखणं वाढलं म्हणून एमआरआय केला, तर पाठीच्या आठव्या मणक्यात, म्हणजे डी-८ मध्ये, गाठ दिसली आणि दोन बरगड्यांवरही डाग दिसले. एका डॉक्टरांनी पसरलेल्या कॅन्सरची शंका घेतली. दुसऱ्यांनी मणक्याचा टीबी म्हणून औषधं सुरू करू या, असं सुचवलं. बायोप्सीत ‘जायंट सेल’ आल्या. तिसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम १२.६, अल्कलाइन फॉस्फटेज ९४० आणि पीटीएच १,१८० निघालं. मानेच्या सोनोग्राफीत थायरॉइडच्या मागे, डाव्या बाजूला खाली, अडीच सेंटिमीटरची ग्रंथी दिसली. आता हे डॉक्टर म्हणतात, आधी मानेचं ऑपरेशन करू. पुण्यातला भाऊ म्हणतो, ‘दुखतंय पाठीत आणि कापायची मान? आधी मणक्याचं करा.’ आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. गादी सरकली आहे, एवढंच तिला माहीत आहे. तिच्या पायांत ताकद आहे, पण कधी कधी झिणझिण्या येतात. लेखिका विचारतात : आधी मान की पाठ? आईला काय सांगायचं? आणि दीड वर्ष मी स्वतः आणून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेच हे झालं का?

उत्तर :

ताई,

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तेच आहे. नाही. तुमच्या गोळ्यांनी हे झालेलं नाही. रोजच्या एक-दोन कॅल्शियमच्या गोळ्यांनी कुणाचं पीटीएच (मानेतल्या ग्रंथींचं हार्मोन, त्याबद्दल पुढे सांगते) हजाराच्या वर जात नाही. उलट, बाहेरून कॅल्शियम मिळालं की निरोगी माणसाचं पीटीएच खाली येतं. आईच्या मणक्यातलं हाड त्या गोळ्या सुरू होण्याच्या आधीपासून झिजत असणार. चार वर्षांपूर्वीचा मुतखडा बहुधा याच आजाराची पहिली खूण होती. तेव्हा खडा काढला गेला, पण खडा का झाला हे शोधण्यासाठी रक्तातलं कॅल्शियम कुणी पाहिलं नाही. आपल्याकडे मुतखडा इतका सर्रास आढळतो की त्याचं कारण शोधायचं राहूनच जातं. मराठवाड्यात तर उन्हाळ्याच्या आणि पाण्याच्या नावावर तो खपून जातो. गोळ्या आणून देणाऱ्या मुलीने याचा दोष स्वतःकडे घेण्याचं काही कारण नाही.

आता ‘मान की पाठ’ याकडे येऊ. आईच्या शरीरात काय चाललं आहे ते नीट कळलं, तर तुम्हाला आणि तुमच्या भावाला या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपोआप मिळेल.

थायरॉइडच्या मागच्या बाजूला साधारणपणे चार छोट्या ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. एकेकीचं वजन ३० ते ५० मिलिग्रॅम, लांबी पाच-सहा मिलिमीटर. रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, पण नसा, स्नायू आणि हृदय चालतं ते रक्तातल्या थोड्याशा कॅल्शियमवर. ते कमी पडलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात. ते हाडांतून थोडं कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडांना लघवीवाटे ते वाया घालवू देत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला कामाला लावून अन्नातून जास्त शोषून घ्यायला लावतं. रक्तातली पातळी पुरेशी झाली की ग्रंथी थांबतात. तुमच्या आईच्या चारपैकी एक ग्रंथी हे थांबणंच विसरली आहे. कणगीतून रोजच्या गरजेपुरतं धान्य काढणारा माणूस दार उघडं टाकून धान्य उपसतच सुटावा, तसं तिचं चाललं आहे. रक्तात कॅल्शियम इतकं वाढतं की मूत्रपिंडांनाही ते सगळं अडवता येत नाही, लघवीवाटे जाताना त्याचे खडे होतात, आणि हाड रितं होत जातं.

हाड विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. पीटीएच दीर्घकाळ वाढलेलं राहिलं की काही ठिकाणी या पेशींची गर्दी होते, हाड खाल्लं जातं, तिथे बारीक भेगा पडून रक्तस्राव होतो, आणि पोकळीत तंतुमय ऊती भरते. साकळलेल्या रक्तातल्या लोहामुळे त्या भागाला तपकिरी रंग येतो, म्हणून याला ब्राउन ट्यूमर म्हणतात. हा कॅन्सर नाही. तो कॅन्सरसारखा इतर अवयवांत पसरत नाही. अनेक हाडांत एकाच वेळी दिसला तरी तो एका जागेहून दुसरीकडे गेलेला नसतो. सगळी हाडं एकाच हार्मोनच्या माऱ्याखाली असतात, म्हणून तो ठिकठिकाणी उमटतो. जबडा, बरगड्या, खुबा, हातापायांची लांब हाडं या त्याच्या नेहमीच्या जागा. मणक्यात तो क्वचित होतो, आणि झालाच तर पाठीच्या मधल्या भागात, म्हणजे तुमच्या आईला झालाय तिथे, जास्त करून सापडतो.

पहिल्या दोन डॉक्टरांवर तुम्ही पत्रात रागावला आहात. तो राग मला समजतो, पण त्यांची शंका खुळी नव्हती. एमआरआयवर हा डाग पसरलेल्या कॅन्सरसारखा दिसतो. पेट स्कॅन केला असता तर तिथेही तो चमकला असता. आणि आपल्या देशात मणक्यात काही दिसलं की टीबीचा विचार डोक्यात आधी यायलाच हवा. बायोप्सीसुद्धा इथे एकटी निकाल देऊ शकत नाही. काचपट्टीवर दिसलेल्या त्या ‘जायंट सेल’ म्हणजे तेच ऑस्टिओक्लास्ट. हाडातल्या जायंट सेल ट्यूमरमध्येही त्या तशाच दिसतात, आणि त्या आजाराचा इलाज पूर्ण वेगळा आहे. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच माहीत नसेल, तर चांगला पॅथॉलॉजिस्टही इथे फसू शकतो. मात्र मणक्यात किंवा बरगडीत डाग दिसला की सुई घालण्याआधी कॅल्शियमची तपासणी व्हायला हवी, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. ती साध्या प्रयोगशाळेतही होते, आणि एमआरआयच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही.

कॅन्सर नाही हे इतक्या खात्रीने कसं म्हणता येतं, असं तुमच्या भावाने विचारलंय. प्रश्न चांगला आहे. कॅन्सरमध्ये, मायलोमामध्ये (हाडांच्या मगजातल्या पेशींचा कॅन्सर), कधी कधी टीबीमध्येही रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पण तेव्हा निरोगी पॅराथायरॉइड ग्रंथी वाढलेलं कॅल्शियम पाहून गप्प बसतात आणि पीटीएच तळाला जातं. आईचं कॅल्शियम चढलेलं आहे आणि पीटीएचही चढलेलं आहे, नेहमीच्या १५ ते ६५ च्या जागी १,१८०. अशी जोडी दिसली की बोट ग्रंथीकडेच जातं. शंभरातल्या ८०-८५ रुग्णांत ही एकाच ग्रंथीची साधी, निरुपद्रवी गाठ असते. ग्रंथीचाच कॅन्सर एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो. पण कॅल्शियम १४ च्या वर असेल किंवा मानेत गाठ हाताला लागत असेल, तर सर्जन तो मनात ठेवूनच ऑपरेशन करतात. म्हणून ‘मानेतल्या गाठीचीही सुईने तपासणी करून घेऊ’ असा आग्रह कुणी धरला तर थांबा. या ग्रंथीत सुई घालणं सहसा टाळतात, कारण गाठ वाईट निघालीच तर सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो.

तर आधी मान. तुमच्या डॉक्टरांशी मी सहमत आहे, एका अटीवर. ती अट पुढे सांगते.

भावाचं म्हणणं चुकीचं असलं तरी ते अडाणीपणाचं नाही. शंभर वर्षांपूर्वी जगातले मोठे डॉक्टरही असंच मानत होते. व्हिएन्नात फेलिक्स मांडल नावाच्या सर्जनकडे एक ट्राम कंडक्टर होता. त्याची हाडं जागोजागी पोखरलेली होती आणि चालणं जवळजवळ बंद झालं होतं. त्या काळी समजूत अशी की, मूळ आजार हाडांचा आहे, आणि हाडांना मदत करायला ग्रंथी फुगतात. त्यामुळे मांडल यांनी आधी त्याला पॅराथायरॉइडचा अर्क दिला, नंतर दुसऱ्याच्या शरीरातून काढलेल्या ग्रंथी त्याच्या अंगात बसवल्या. काहीच फरक पडला नाही. शेवटी १९२५ मध्ये त्यांनी विचार उलटा केला, मान उघडली, फुगलेली ग्रंथी काढून टाकली, आणि तो माणूस सुधारू लागला, काठी घेऊन चालू लागला. हाड बिघडवणारी ग्रंथीच आहे, हे त्या ऑपरेशनने दाखवलं. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, हेही सांगायला हवं, कारण ऑपरेशननंतरच्या देखरेखीचा धडा त्यातूनच मिळतो. ही हकीकत भावाला जरूर सांगा.

मणक्याचं ऑपरेशन आधी केलं तर काय होईल? ब्राउन ट्यूमरमध्ये रक्तवाहिन्या भरपूर असतात, त्यामुळे तिथे रक्त बरंच जाऊ शकतं. हाड मऊ झालेलं असल्याने बसवलेले स्क्रू नीट धरत नाहीत. कॅल्शियम वाढलेलं असताना भूल देणंही जोखमीचं. आणि एवढं सगळं करून मानेतली ग्रंथी तशीच राहिली, तर नवं हाड भरायला संधीच मिळत नाही. कारण चालू ठेवून त्याचा परिणाम दुरुस्त करत बसल्यासारखं ते होईल. याउलट ग्रंथी निघाली की पीटीएच काही मिनिटांत उतरतं. म्हणूनच काही रुग्णालयांत ऑपरेशन चालू असतानाच रक्त तपासतात, आणि दहा मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं की नेमकी ग्रंथी निघाल्याची खात्री पटते. हाडदुखी पुष्कळदा काही दिवसांत-आठवड्यांत कमी होते. मणक्यातला डाग मात्र सावकाश भरतो, कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त. पुढच्या सीटी स्कॅनवर ती जागा आधीपेक्षा पांढरी, घट्ट दिसली तर घाबरू नका. ते हाड भरत असल्याचं लक्षण आहे. मोठी पोकळी पूर्ण बुजेलच असं नाही, आणि मणका दबून उंची कमी झाली असेल तर ती परत येत नाही. ऑपरेशननंतर पाठ तंतोतंत पहिल्यासारखी होईल असं वचन कुणी दिलं, तर त्यावर विसंबू नका.

आता ती अट. तुम्ही लिहिलंय, ‘कधी कधी झिणझिण्या येतात.’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझी नजर तिथेच थांबली. मणक्याच्या मागून मज्जारज्जू जातो. गाठ मागे सरकून त्याला दाबायला लागली, तर घड्याळ वेगळं चालायला लागतं. म्हणून या आठवड्यातच, मानेच्या तारखेची वाट न पाहता, मणक्याच्या सर्जनला किंवा न्यूरोसर्जनला आईला दाखवा. त्यांना एमआरआयच्या फिल्म द्या, नुसता रिपोर्ट नको, आणि दोन गोष्टी सरळ विचारा : मज्जारज्जूवर दाब आहे का? मणका कोसळण्याचा धोका आहे का? दाब नसेल आणि पायांची ताकद शाबूत असेल, तर आधी मान, तीही काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत. दाब असेल आणि पाय कमजोर होत चालले असतील, तर भावाचं म्हणणं बरोबर ठरेल. तेव्हा मज्जारज्जू मोकळा करणं पहिलं, आणि कॅल्शियम उतरवणं त्याच्या बरोबरीने. मधली अवस्था असेल, थोडा दाब पण ताकद ठीक, तर दोन्ही सर्जन एकाच रुग्णालयात असतील अशी जागा निवडा, म्हणजे मान झाल्यावर गरज पडली तर पाठीला वेळ लागणार नाही.

तोवर घरात काही गोष्टींवर लक्ष ठेवा. चालताना चप्पल पायातून निसटते आणि आईला कळत नाही, जिना उतरताना पाय लटपटतात, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, लघवी अडते किंवा नकळत होते : यातलं काहीही नव्याने दिसलं, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळची वाट पाहू नका. आणि कृपा करून पाठ चोळून घेणं, तुडवून घेणं, हाडं बसवणाऱ्याकडे नेणं, वजन लावून ताणून घेणं, हे सगळं आजपासून बंद. प्रेमापोटी पाठीवर पाय देणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. आईचा मणका आत्ता तो भार सोसणारा नाही. डॉक्टरांनी पाठीचा पट्टा दिला असेल तर उठता-बसताना तो वापरायचा. ऑपरेशनच्या वेळी तिला स्ट्रेचरवरून उचलणाऱ्यांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ‘पाठीचा आठवा मणका आणि बरगड्या नाजूक आहेत’ हे तुम्ही स्वतः सांगा. केसपेपरवर लिहिलेलं असतं, तरी सांगा.

खाण्यापिण्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. कॅल्शियम वाढलंय म्हणून दूध, दही, नाचणी, तीळ सगळं तोडायचं, असं बरेच जण करतात. तसं करू नका. अन्नातलं कॅल्शियम कमी पडलं की ती ग्रंथी हाडातून आणखी ओढते. नेहमीचं जेवण चालू ठेवा. पाणी भरपूर प्यायला द्या, जुलाब-उलट्या झाल्या तर दुर्लक्ष करू नका, कारण शरीर कोरडं पडलं की कॅल्शियम झपाट्याने चढतं. कॅल्शियमच्या गोळ्या सध्या डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आपल्याकडे दुकानातून सहज उचललं जातं, तेही स्वतःहून देऊ नका. आईच्या रक्तात ड ची कमतरता असण्याची शक्यता खूप आहे, आणि आपल्याकडे या आजारात हाडं इतकी झिजलेली दिसण्यामागे ते एक कारण मानलं जातं. ती भरून काढावीच लागते, पण कॅल्शियमवर नजर ठेवून, डॉक्टरांच्या हातून. ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर तिचं नाव डॉक्टरांना सांगा, कारण थायझाइड जातीच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या कॅल्शियम वाढवतात.

ऑपरेशनपूर्वी ग्रंथी नेमकी कुठे आहे हे दोन तपासण्यांनी पक्कं केलं जातं : एक तुमची झालेली सोनोग्राफी, दुसरी बहुतेक वेळा सेस्टामिबी स्कॅन, म्हणजे शिरेतून सौम्य किरणोत्सारी औषध देऊन काढलेला ग्रंथीचा फोटो. ग्रंथी कधी कधी आपली जागा सोडून छातीत उतरलेल्या असतात. अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानावर १९३२ पर्यंत सात ऑपरेशनं झाली, तेव्हा कुठे छातीत दडलेली त्याची गाठ सापडली. आज स्कॅनमुळे अशी वेळ सहसा येत नाही. पण सर्जनचा अनुभव आजही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘पॅराथायरॉइडची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका, चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. मुंबईचं केईएम, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, लखनौचं संजय गांधी पदव्युत्तर संस्थान इथे हार्मोनच्या आजारांचे मोठे विभाग आहेत. तुम्हाला पुणे, सोलापूर, हैदराबाद जवळ पडेल, तिथेही हे काम करणारे सर्जन मिळतील. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधार आणि रेशनकार्ड घेऊन आधीच चौकशी करा. दाखल झाल्यावर नको.

ऑपरेशन छान झालं, आता घरी, असं मनात धरून जाऊ नका. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली हाडं ग्रंथी निघताच रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतात. आईचं अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे हाडांत किती उलथापालथ चालू आहे हे दाखवणारा रक्तातला आकडा, ९४० इतका चढलेला आहे, म्हणजे हे तिच्या बाबतीत होण्याची शक्यता चांगलीच आहे. दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत कॅल्शियम सगळ्यात खाली जातं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, हाताला गोळे येणं ही त्याची लक्षणं. तेव्हा शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, आणि पुढे कित्येक आठवडे-महिने कॅल्शियमच्या आणि कॅल्सिट्रिऑलच्या (ड जीवनसत्त्वाचं थेट कामाला येणारं रूप) भरपूर गोळ्या. म्हणून दोन दिवसांत सुट्टी मागू नका. गावी परतल्यावर रक्तातलं कॅल्शियम कुठे तपासायचं आणि आकडा कुणाला कळवायचा, हे निघण्यापूर्वी ठरवून घ्या. सहा महिन्यांनी कॅल्शियम नेहमीच्या पातळीत असेल तर आजार बरा झाला असं मानतात. त्यानंतरही वर्षातून एकदा तपासायचं, मांडल यांच्या त्या रुग्णासारखं काही वर्षांनी परत सुरू झालं तर लवकर कळावं म्हणून.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही फक्त दोन ओळी लिहिल्यात, ती. आईला सांगायचं की नाही. तुम्ही सगळ्यांनी तिला काही कळू न देण्याचं ठरवलं ते कॅन्सरची शंका होती तेव्हा. ती शंका आता मागे पडली आहे, पण लपवणं मात्र चालूच राहिलं. ज्या कारणासाठी गप्प बसलात ते कारणच उरलेलं नाही, मग गप्प का? शिवाय, तिला काहीच माहीत नाही हे तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. एमआरआय झाला, पाठीतून तुकडा काढला, घरात फोन दाराआड होऊ लागले, पुण्याहून मुलगा दोनदा येऊन गेला. ५३ वर्षांच्या बाईला गादी सरकल्यावर एवढं होत नाही, हे कळतं. बहुधा ती तुमच्यापेक्षा वाईट काहीतरी मनात धरून बसली आहे, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून विचारत नाही.

तिला हे सांगणं इतकं कठीण नाही : ‘आई, तुझ्या गळ्यात एक छोटी ग्रंथी जास्त काम करतेय. ती हाडातलं कॅल्शियम काढतेय, म्हणून पाठ दुखते, म्हणून खडा झाला होता. हा कॅन्सर नाही. ती ग्रंथी काढायची आहे.’ एवढं पुरे. पुढचं ती विचारेल तेवढं. संमतिपत्रावर सही तिचीच लागणार आहे, आणि मानेवर चिरा कशासाठी हे माहीत नसताना सही करायला लावणं बरोबर नाही. ऑपरेशननंतर ओठांना मुंग्या आल्या तर नर्सला हाक मारायची आहे तीही तिनेच. ज्याला आजार माहीत नाही त्याला लक्षण कसं ओळखू येईल?

तिच्या रडण्याबद्दलही बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंय की घरात तिला ‘हल्ली मनाला फार लावून घेते’ म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की माणूस थकतो, उदास होतो, विसरतो, चिडतो, शौचाला साफ होत नाही. हे स्वभावाचं नाही, रक्ताचं आहे. ग्रंथी काढल्यावर अनेक रुग्णांचं मन हलकं होतं. सगळ्यांचं होतंच असं नाही, आणि उदासी टिकून राहिली तर तिचा वेगळा इलाज करावा लागतो. पण आजच्या आज घरातल्या सगळ्यांना हे सांगा की तिचं रडणं नाटक नाही. दोन वर्षं तिने हाडं पोखरली जात असताना घर चालवलंय.

भावाशी भांडू नका. त्याला एकदा प्रत्यक्ष किंवा फोनवर मानेच्या आणि मणक्याच्या दोन्ही डॉक्टरांसमोर बसवा आणि मज्जारज्जूचा प्रश्न त्यालाच विचारू द्या. लांब राहणाऱ्या मुलाला आपण काही करत नाही याची बोच असते, आणि मग तो निर्णय उलटवण्याचा प्रयत्न करतो. त्याच्याकडे एखादं खरं काम द्या. फिल्म, रिपोर्ट, पैसे, योजनेची कागदपत्रं, यातलं काहीही.

हे सदर वाचणाऱ्या डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्व कामाला लागत नाही, आणि चारही ग्रंथी सतत ताणाखाली राहून फुगतात. त्यांनाही मणक्यात असेच डाग होऊ शकतात. पण त्यांचा इलाज सहसा औषधांनी सुरू होतो : फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, कॅल्सिट्रिऑल, पीटीएच उतरवणारं सिनाकॅल्सेट, आणि डायलिसिस न चुकवणं. औषधांनी पीटीएच आवरलं नाही तर ऑपरेशन. तुमचं कॅल्शियम आणि फॉस्फरस एक ते तीन महिन्यांनी, आणि पीटीएच तीन ते सहा महिन्यांनी तपासलं जातंय ना, हे फाइलमध्ये पाहून घ्या. पाठ नव्याने दुखू लागली तर खुर्चीत चार तास बसण्यामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका.

ज्यांना पाठदुखी आणि वारंवार मुतखडे हे दोन्ही आहे, किंवा साध्या धक्क्याने हाड मोडलं आहे, त्यांनी डॉक्टरांकडून कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज लिहून घ्यावं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते यासाठी की ते कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा फसवा येतो. ड जीवनसत्त्व फार कमी असतानाही कॅल्शियम नेहमीसारखं दिसू शकतं, तेव्हा शंका राहिली तर पीटीएचसुद्धा.

शेवटी, मावशी. मुतखडा तिलाही आहे, म्हणून तिचं कॅल्शियम एकदा तपासून घ्या, तुमचं आणि भावाचंही. काही घराण्यांत हा आजार पुढच्या पिढीत उतरतो. आईच्या वयात आणि एकाच ग्रंथीची गाठ असताना तशी शक्यता कमी आहे. पण तिघांपैकी कुणाचं कॅल्शियम जास्त आलं, किंवा ऑपरेशनमध्ये एकाहून जास्त ग्रंथी फुगलेल्या सापडल्या, तर आईच्या हार्मोनतज्ज्ञांना जनुकीय तपासणीबद्दल विचारा. आणि न्यूरोसर्जनकडे आधी जा. झिणझिण्यांचं काय झालं ते मला कळवा.